पात्रबदलाचं पत्र

रविवार, चोवीस नोव्हेंबर. सकाळी साडेनऊ, शाळेचा हॉल. हजर: दिग्दर्शक, नाटकात वडील होणारे बँकेतून निवृत्त झालेले काका, धाकट्या बहिणीचं काम करणारी मुलगी, तबलजी, समूहातली सहा जणं, प्रॉम्प्टर, मी. गैरहजर: माझी मुलगी. कारण: पाय.

ही माझ्या वहीतली नोंद. वहीत प्रत्येकाचं नाव आहे, इथे मी ती गाळली आहेत. ज्या मुलीबद्दल लिहायचं आहे तिचं नाव जिथे यायला हवं होतं तिथे माझ्यामुळे आलं नाही. मग बाकीच्यांचीही इथे नकोत.

मी नाशिकमध्ये अंबडच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळते. कोणता माल कुठल्या रॅकवर, किती शिल्लक, कधी संपणार, हे मला न बघता सांगता येतं. नाटकाच्या ग्रुपमध्ये मी आले ती मुलीला तालमीला सोडायला. दोन महिन्यांत सगळी व्यवस्था माझ्याकडे आली. चहा किती वाजता, सतरंज्या कोण उचलणार, कपड्यांच्या पिशव्या कुणाकडे, सगळ्याची यादी. दिग्दर्शक म्हणायचे, "वहिनींच्या यादीत नसेल तर उद्या सूर्यसुद्धा उगवायचा नाही." मला ते आवडायचं.

त्या वर्षी नाट्यस्पर्धेसाठी बसवलेलं आमचं नाटक दोन बहिणींचं होतं. शेवटी मोठी बहीण सहा मिनिटं नाचते. एकही वाक्य नाही, फक्त तबला आणि घुंगरू. ते काम माझ्या मुलीचं. ती आठव्या वर्षापासून कथक शिकते, घरात भाजी चिरतानाही तिचे पाय गप्प नसतात.

प्रॉम्प्टर म्हणजे तालमीत पुस्तक हातात धरून, कुणी वाक्य विसरलं की ते हळूच सांगणारी. ही मुलगी सुरगाण्याकडची. नाशिकला वसतिगृहात राहून बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होती. कॉलेजच्या स्नेहसंमेलनात तिला बघून दिग्दर्शकांनी बोलावलं, पण आली तेव्हा सगळी कामं वाटून झाली होती. मी वहीत तिच्या नावापुढे लिहिलं: प्रॉम्प्टिंग, झाडलोट. झाडलोट मीच जोडली. हॉल झाडायला कुणीतरी हवं होतं आणि ती नाही म्हणणार नाही असं चेहऱ्यावरून दिसत होतं.

ती सगळ्यांच्या आधी यायची. चप्पल दाराबाहेर काढायची, वाकून फरशीला हात लावायची आणि मग झाडू घ्यायची. एकदा दिग्दर्शक म्हणाले, "अगं, शाळेचा हॉल आहे हा. इथे पोरं डबे खातात, देऊळ नाही."

"सवय आहे सर," ती म्हणाली.

"मग माझ्या पण पाया पड, मी कधीपासून उभा आहे."

ती हसली आणि झाडायला लागली.

एका रविवारी मी चाव्या घेऊन लवकर पोचले. शिपायाने तिला आधीच आत सोडलं होतं. झाडू भिंतीला टेकवलेला, आणि ती एकटी शेवटचा नाच करत होती. सहाच्या सहा मिनिटं. तबला तोंडाने म्हणत होती. माझ्या मुलीचा नाच बघून बघून उचललेला, पण पाय जमिनीवर वेगळेच पडत होते. माझी मुलगी फरशीवर ताल वाजवते. ही मात्र जमीन चाचपत जात होती. मला बघितल्यावर थांबली आणि पहिलं म्हणाली, "काकू, कोपरा राहिलाय झाडायचा, लगेच करते."

चहाच्या वेळी ती माझ्या मुलीशेजारी बसायची. दोघींची गट्टी होती. तिने एकदा सांगितलं की तिचे वडील गावच्या बोहाड्यात नाचतात. बोहाडा म्हणजे देवादिकांचे लाकडी मुखवटे घालून गावभर नाचायचा उत्सव. त्यांच्या घराकडे एक मुखवटा आहे, इतका जड की मानेला फडकं गुंडाळावं लागतं.

"मग सगळे बाबांचं कौतुक करत असतील," माझी मुलगी म्हणाली.

"नाही गं. लोक सोंगाच्या पाया पडतात. नाचणाऱ्याचं नाव कोणी घेत नाही. सोंग उतरलं की बाबा जाऊन पंगतीत वाढायला लागतात."

मला हे फार भावलं. मी घरी येऊन नवऱ्यालाही सांगितलं. पुढे हेच वाक्य मी कशाला वापरणार आहे, हे तेव्हा माहीत नव्हतं.

तिला पुढे नाट्यशास्त्राचा अभ्यासक्रम करायचा होता. घरी ते कुणाला समजत नव्हतं. वडिलांनी एवढंच सांगितलेलं: बी.ए. झालं की गावी ये. नाचाचंच शिकायचं असेल तर शिक्का मारलेला एक कागद दाखव, की लोक तुला यात काहीतरी समजतात. हे तिने मला सांगितलं होतं, कारण मी व्यवस्था बघते. मी म्हटलं, "स्पर्धेत भाग घेणाऱ्या प्रत्येकाला प्रमाणपत्र मिळतं. तुझं मी बघते." वहीतही लिहिलं. प्रॉम्प्टरला प्रमाणपत्र मिळतच नाही, हे नियमांत नंतर वाचलं. तिला सांगायचं राहून गेलं.

शनिवारी, तेवीस तारखेला, माझी मुलगी आमच्या इंदिरानगरच्या घराच्या जिन्यावरून पडली. प्रयोग पुढच्याच शनिवारी. डॉक्टर म्हणाले, हाड शाबूत आहे, सूज उतरली तर बघू. म्हणून चोवीस तारखेच्या पानावर ती गैरहजर.

त्या दिवशी हॉलवर कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. दिग्दर्शकांनी पुस्तक बंद केलं आणि विचारलं, "कोणाला पाठ आहे?" समूहातल्या मुली एकमेकींकडे बघायला लागल्या. धाकट्या बहिणीचं काम करणारी म्हणाली, "सर, तिला सगळ्यांचंच पाठ आहे. आम्ही विसरलो की तीच तर सांगते."

ती उठली नाही. मांडीवरचं पुस्तक तिने खाली ठेवलं आणि म्हणाली, "तिला विचारा आधी. काम तिचं आहे."

मी घरी फोन लावला. माझी मुलगी म्हणाली, "तिला दे म्हणावं. आणि मला उद्यापासून तालमीला ने, मी खुर्चीवर बसून तोडे बसवून देते."

सोमवार ते शुक्रवार ती पाय स्टुलावर ठेवून बसली आणि मांडीवर ताल देत राहिली. दोघींचं कसं चालायचं ते मी बघत होते. एक चुकली की दुसरी "परत" म्हणायची, आणि चुकणारीच आधी म्हणायची. एका जागी माझी मुलगी म्हणाली, "इथे माझ्यासारखं करू नकोस. त्या रविवारी आईने तुला बघितलं ना, तसं कर." ज्या कामासाठी ती सहा महिने झटली, ते स्वतःच्या हाताने दुसरीला देत होती. घरी आल्यावर मात्र बाथरूमचा नळ सोडून रडायची. मला ऐकू येत नाही असं तिला वाटायचं.

आता नियम. नट बदलला तर प्रयोगाआधी लेखी कळवायचं, नव्या नटाच्या ओळखपत्राची झेरॉक्स जोडायची. परीक्षकांसमोर असतो तो अर्जावरचा छापील तक्ता: भूमिका आणि त्यापुढे नाव. ते चेहरे ओळखत नाहीत, तक्ता बघून गुण देतात. हे मला पाठ होतं. यादीत सतरावा मुद्दा होता: पात्रबदलाचं पत्र. पत्र मी सोमवारीच लिहिलं, झेरॉक्स जोडली, दिग्दर्शकांची सही घेतली. मंगळवारी देऊन टाकता आलं असतं. बुधवारीही. पण सूज उतरत होती. मी रोज सकाळी मुलीच्या घोट्याभोवती टेप धरून मोजत होते. शुक्रवारपर्यंत पत्र माझ्या फाइलमध्ये होतं, कारण मला वाटत होतं की कदाचित लागणारच नाही. विसरले असं मी सगळ्यांना सांगितलं आहे. इथे तसं लिहिणार नाही.

शनिवारी सूज होतीच. संध्याकाळी मी फाइल घेऊन नाट्यगृहातल्या आयोजकांच्या टेबलापाशी उभी राहिले. पुढे दोघं होते. तेवढ्यात समूहातली एक पोरगी धावत आली, "काकू, घुंगरांचा पट्टा तुटला." मी रांगेत उभ्या उभ्याच सतराव्या मुद्द्यापुढे टिक केली आणि सुई-दोरा काढत मेकअपच्या खोलीकडे पळाले. टिक आधी, काम नंतर. ही माझी जुनी सवय. हातात असलेलं काम मी झालेलंच धरते. पट्टा शिवला, नारळ फुटला, तिसरी घंटा झाली.

तो प्रयोग मी विंगेतून पाहिला. आत जाण्याआधी ती वाकली, रंगमंचाला हात लावला. तिच्यामागे, कुबडी काखेत धरून, माझी मुलगीही वाकली. तिचा हात काही जमिनीला पोचला नाही. पडदा पडल्यावर टाळ्या थांबेनात. बाहेर सगळे तिला मिठ्या मारत होते, आणि ती विचारत होती, "झाडू कुठे ठेवलाय? फुलं पडलीत सगळीकडे, पुढच्या नाटकवाल्यांचे पाय घसरतील."

रविवारी सकाळी फाइल उघडली तर पत्र आतच.

मी दिग्दर्शकांना फोन केला. ते म्हणाले, "आता दिलं तर नाटकच बाद करतील. निकाल लागू दे, मग बघू. बक्षीस कुठे लगेच मिळतंय?" मला ते पटलं. आपल्या सोयीचं असलं की पटायला वेळ लागत नाही.

निकाल आठवड्याने. आम्ही सगळे एका रांगेत बसलो होतो. नाटकाला तिसरा क्रमांक मिळाला, म्हणजे एक पितळी ढाल. काकांनी उभं राहून शिट्टी मारली. मग अभिनयाची प्रशस्तिपत्रं सुरू झाली. मोठी बहीण, असं म्हणून निवेदकाने तक्त्यावरचं नाव वाचलं. माझ्या मुलीचं.

तिने माझ्याकडे बघितलं. दिग्दर्शकांनी माझ्याकडे बघितलं आणि मान किंचित हलवली. मी मुलीला म्हटलं, "जा."

"आई, काय बोलतेस?"

"जा आत्ता. नंतर सांगते."

ती लंगडत गेली. पायऱ्या चढायला एका स्वयंसेवकाने हात दिला. परीक्षकांपैकी एकाने माइक घेतला आणि सांगितलं की या मुलीचा पाय बघा, त्या प्रयोगात तिने कलेसाठी स्वतःच्या शरीराची पर्वा केली नाही. सभागृह उभं राहिलं. माझी मुलगी खाली मान घालून उभी होती. लोकांना तो विनय वाटला. माझ्यापासून दोन खुर्च्या पलीकडे प्रत्यक्ष नाचलेली ती बसली होती, तीही उभी राहून टाळ्या वाजवत होती. खोट्या नव्हत्या. तेच मला अजून दिसतं.

बाहेर आल्यावर मी तिला बाजूला घेतलं. म्हटलं, "चूक माझी झाली, पत्र द्यायचं राहिलं. आता बोललो तर सगळ्यांची मेहनत जाईल."

"राहू द्या काकू," ती म्हणाली. "नाटक तर झालं ना."

"तुमच्याकडे नाही का, सोंग नाचतं, नाचणाऱ्याचं नाव कोणी घेत नाही."

हे मी म्हटलं. तिचंच वाक्य, तिलाच. "हो," ती म्हणाली.

घरात आल्यावर माझ्या मुलीने प्रशस्तिपत्र माझ्यापुढे धरलं. "तुझ्या फाइलमध्ये ठेव. माझं नाही ते."

जानेवारीत एका दुपारी बेल वाजली. दारात पन्नाशीचे एक गृहस्थ, डोक्याला रुमाल, हातात पिशवी. सुरगाण्याच्या त्या मुलीचे वडील. टोळीबरोबर दिंडोरीकडे द्राक्षबागांत कामाला आले होते, सुट्टीच्या दिवशी पत्ता विचारत इंदिरानगरात पोचले. पिशवीत नागलीचे पापड होते.

"ताई, पोरगी तुमचं नाव लय घेती," ते म्हणाले. "काकूंनी शिवलं, काकूंनी जेवू घातलं. म्हटलं भेटून जाऊ."

मी पाणी दिलं, चहा ठेवला. माझी मुलगी आतून आली, त्यांच्या पाया पडली आणि तिथेच भिंतीला टेकून उभी राहिली. पाय आता बरा होता.

"ती म्हनली व्हती का कागद येनार हाय," ते म्हणाले. "आता इचारलं तं काय बोलतच नाय. तुमच्याकडं ऱ्हायला का?"

"दादा, कागद तिच्या नावाने आला नाही," मी म्हटलं. "कार्यालयाच्या कामात गडबड झाली."

कार्यालयाच्या. मुलीने माझ्याकडे बघितलं.

"मी आमच्या ग्रुपचं पत्र देते की. तिने किती छान काम केलं ते लिहून देते."

"शिक्का असंल त्येच्यावर?"

"आमचा आहे. सरकारी नाही."

त्यांनी मान डोलावली. रागावले नाहीत. कप बशीत नीट ठेवला. मला ते सोसेना, म्हणून मी बोलत राहिले. "तशी ती फार गुणी आहे हो. नावाची हाव नाही. मला म्हणाली होती, आमच्याकडे बोहाड्यात नाचणाऱ्याचं नाव कोणी घेत नाही."

"नाय घेत," ते म्हणाले. "घ्यायला कशाला लागतं ताई? कोन्तं सोंग कुनाच्या घरचं, ते समद्या गावाला ठावं असतं. बारकं पोर बी सांगंल, ह्यो अमक्याचा बाप नाचतोय. ठावं हाय म्हनून नाव घेत नाय." मग विचारलं, "हितं कुनाला ठावं हाय, ती नाचली म्हनून?"

माझ्या मुलीने उत्तर दिलं. "मला आहे काका."

"तुला हाय गं बाई," ते हसून म्हणाले, आणि उठले. चार वाजता टोळीची जीप होती.

ते गेल्यावर मुलगी म्हणाली, "कार्यालयाची गडबड?" एवढंच. पापडांची पिशवी तिने आत नेली.

त्याच संध्याकाळी मी दुसरं पत्र लिहिलं. आयोजकांच्या नावाने, एक पान. अर्जावरचं नाव आणि प्रयोगात काम केलेली व्यक्ती वेगळी होती. कळवण्याची जबाबदारी माझी होती, ती मी पाळली नाही. प्रशस्तिपत्र परत करत आहे, ते योग्य नावाने द्यावं. ढाल परत मागितल्यास आमची हरकत नाही. सोबत पहिलं पत्र, न दिलेलं, तारखेसकट. दिग्दर्शकांकडे सहीला नेलं. त्यांनी दोनदा वाचलं. "वहिनी, ग्रुपवर बंदी येईल. पुढच्या वर्षीची पोरं काय करतील?" मग म्हणाले, "तुम्ही एकट्या सही करून देणार असाल तर मी अडवत नाही." म्हणजे चेंडू माझ्याकडे. त्यात त्यांचं काही चुकलं असंही म्हणता येत नाही.

एकदा मी रजा टाकून आयोजकांच्या कार्यालयात गेले. जेवणाची सुट्टी होती. बाकावर बसले. समोरच्या काचेच्या कपाटात गेल्या वर्षीच्या ढालींचे फोटो होते. वीस मिनिटांनी शिपाई आला आणि म्हणाला, "मॅडम, या आता." मी म्हटलं, "नंतर येते." आणि स्कूटर काढून अंबडला कामावर गेले. अर्ध्या दिवसाची रजा मीच रद्द केली.

आता मे महिना आहे. तिची परीक्षा संपली, ती गावी गेली. मध्ये एकदा माझ्या फोनवर तिचा मेसेज आला: "काकू, तिचा पाय दुखतो का अजून? थंडीत दुखला असेल ना. जास्त उड्या मारू देऊ नका." मी "बरी आहे" एवढंच लिहिलं. माझी मुलगी तिला रविवारी व्हिडिओ कॉल लावते. फोन कुडाला टेकवून ती अंगणात उभी असते, मागे कोंबड्या फिरतात, आणि इकडे आमच्या हॉलमध्ये ही मांडीवर ताल देते. त्या दोघींनी मला कधी दोष दिला नाही. कॉल संपला की माझी मुलगी फक्त विचारते, "दिलंस?"

नाट्यशास्त्राच्या प्रवेशाचे अर्ज सुरू झाले आहेत. तिचा अर्ज माझ्या मुलीने ऑनलाइन भरून ठेवला आहे. एक रकाना रिकामा आहे: रंगमंचीय कामगिरीचं प्रमाणपत्र, प्रत जोडा. ती जोडल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही.

जुनी वही मी काल काढली. सतराव्या मुद्द्यापुढची टिक व्हाइटनरने खोडली. खोडताना हात स्थिर होता, असल्या कामात माझा हात नेहमीच स्थिर असतो. वाळल्यावर तिथे पांढरा ठिपका राहिला. पत्रावर माझी सही झाली आहे. प्रशस्तिपत्र त्याला टाचणीने लावलं आहे, दोन्ही पत्रांच्या प्रती काढल्या आहेत, पाकिटावर पत्ता लिहिला आहे. पाकीट स्कूटरच्या डिकीत आहे. कार्यालय साडेदहाला उघडतं. आज सोमवार, आणि आता सव्वाबारा झाले आहेत. मी स्टोअरमध्ये बसून हे लिहिते आहे.

१७. पात्रबदलाचं पत्र देणे.